एक्सेल म्हणालं १,२००, शेअर होता ३०० ला

रात्री साडेअकराला मी बायकोला झोपेतून उठवलं आणि सांगितलं की एक शेअर सापडलाय, ३०० ला मिळतोय आणि त्याची खरी किंमत १,२०० निघतेय. ती म्हणाली, मग बाकीच्यांना दिसत नाही का, आणि कूस बदलून परत झोपली. मला रागच आला. वर्षभर पहाटे पाचला उठून जाडजूड पुस्तकं वाचून, तीन वह्या भरून मी आयुष्यातलं पहिलं डीसीएफ पूर्ण केलं होतं, डीसीएफ म्हणजे कंपनी पुढं जो पैसा मिळवणार त्याची आजच्या भावात किंमत काढायची, आणि हिला झोप महत्त्वाची. फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही, गाड्यांचे ओतीव पार्ट बनवणारी छोटी लिस्टेड कंपनी आहे एवढं पुरे.

त्या १,२०० चं काय झालं ते सांगतोच, पण आधी मी या भानगडीत पडलो कसा ते.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) परचेसला आहे. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, दहावीपर्यंत मराठी मीडियम, कॉमर्सशी संबंध शून्य. डीमॅट उघडलं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, सगळ्यांनी उघडलं तसंच. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडलेला टीव्हीवर बघितला होता, त्यानंतर जे घेतलं ते वरच जात होतं त्यामुळं वर्षभरात मला वाटायला लागलं की आपल्याला यातलं कळतं. मग व्हॉट्सॲपच्या टिपांवर घेतलेले दोन स्मॉलकॅप निम्म्यावर आले आणि तेव्हा लक्षात आलं की मला शेअरचा भाव माहीत असतो, कंपनी काय किमतीची आहे ते माहीत नसतं, आणि ते काढतात कसं हे तर अजिबातच माहीत नव्हतं.

त्याच सुमारास झोमॅटोचा आयपीओ आला होता, जुलै २०२१, भाव ७६. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवणारे अश्वथ दामोदरन यांनी तेव्हा त्याची किंमत साधारण ४१ रुपये काढली होती. शेअर लिस्ट होताना ११५ च्या आसपास उघडला आणि लोकांनी त्यांची चेष्टा केली. बरोबर वर्षानं, जुलै २०२२ मध्ये शेअर ४१ च्या आसपास आला आणि तेच लोक त्यांना देव म्हणायला लागले. पुढं तोच शेअर त्याच्या कितीतरी पट वर गेला तो भाग वेगळा, कंपनीचा धंदाच मधल्या काळात बदलला, किराणा दहा मिनिटांत पोचवायचं काम त्यात आलं. मला चेष्टेत आणि देवपणात इंटरेस्ट नव्हता. मला एवढंच कळत नव्हतं की एक माणूस तोट्यातल्या कंपनीला ४१ हा आकडा लावतो तो कुठनं आणतो. म्हणून जानेवारी २०२२ ला पुण्याला गेलो होतो तेव्हा अप्पा बळवंत चौकात हिंडून त्यांचं व्हॅल्युएशनचं जाड पुस्तक आणि ग्रॅहॅम-डॉडचं सिक्युरिटी ॲनालिसिस अशी दोन धुडं घेऊन आलो. एसटीत मांडीवर पिशवी ठेवून पाय बधिर झाला.

सुरुवात ग्रॅहॅमपासून केली आणि ही पहिली चूक. पुस्तक १९३४ चं, त्यात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांचे बाँड, प्रेफर्ड शेअर, ट्रस्ट, पानंच्या पानं तेच. मला बाँड म्हणजे शंभराचा स्टॅम्पपेपर एवढंच माहीत. रोज तीन पानं व्हायची, त्यातलं एक कळायचं. पण ग्रॅहॅमबद्दल वाचताना एक गोष्ट मिळाली ती डोक्यात बसली. १९२६ च्या सुमारास हा माणूस वॉशिंग्टनला जाऊन सरकारी कमिशनच्या फायली चाळत बसला होता आणि त्यात त्याला दिसलं की नॉर्दर्न पाइपलाइन नावाच्या कंपनीकडं शेअरमागं ९५ डॉलरचे रेल्वे बाँड वगैरे नुसते पडून आहेत आणि शेअर बाजारात ६५ ला. फायली सगळ्यांसाठी उघड्या होत्या पण कुणी गेलंच नव्हतं. मला हे फार आवडलं कारण परचेसमध्ये आम्ही हेच करतो, कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते जो वाचतो तो वाचतो.

मग पुस्तक बदललं. दामोदरन तुलनेनं सोपं लिहितात आणि त्यांचे लेक्चर, एक्सेल शीट सगळं त्यांच्या साइटवर फुकट आहे. तरी इंग्रजी आडवं यायचंच. डिक्शनरीत अर्थ बघून उपयोग नाही, अक्रूअल म्हणजे उपार्जन असं वाचून मी आणखी गोंधळलो. शेवटी वहीत माझे माझे शब्द लिहायला लागलो. अक्रूअल म्हणजे 'झालं पण आलं नाही'. वर्किंग कॅपिटल म्हणजे 'अडकलेला पैसा'. फ्री कॅश फ्लो म्हणजे 'घरी नेता येणारा पैसा'. गुडविलला 'जास्त दिलेले' लिहिलंय, सीए लोक हसतील पण दुसरी कंपनी विकत घेताना जे जास्त मोजले तेच ते. ही वही अजून माझ्याकडं आहे, मळकट झालीय, ग्रॅफाइटचे डाग आहेत तिच्यावर.

या नादात चार महिने गेल्यावर कळलं की आपल्याला व्हॅल्युएशन अडत नाहीये, अकाउंटिंग अडतंय. ही पुस्तकं धरूनच चालतात की तुम्हाला बॅलन्स शीट वाचता येते. मला येत नव्हती. मग आमचे दाजी एका पतसंस्थेत आहेत त्यांच्याकडं रविवारी जायला लागलो. दाजींनी मला काही शिकवलं असं नाही, ते फक्त विचारायचे, नफा दाखवलाय तर तो बँकेत आलाय का, नसेल तर कुठं बसलाय. एवढा एकच प्रश्न धरून मी पंधरा-वीस कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचले. अहवाल एक्सचेंजच्या साइटवर फुकट मिळतात, आणि मी सांगतो चेअरमनचं भाषण आणि रंगीत फोटो सोडून द्या, ऑडिटरचा रिपोर्ट, कॅश फ्लो आणि मागच्या नोट्स इथनं सुरू करा. रिलेटेड पार्टीची नोट तर मला आता कादंबरीसारखी वाटते. मुलाच्या कंपनीला भाडं, भावाच्या कंपनीकडनं माल, बायकोला प्रोफेशनल फी, अख्खं घर दिसतं त्यात.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे २०१९-२० हे वर्ष. दुकानांची चेन चालवणारी एक कंपनी बघत होतो, पाच वर्षांचे आकडे मांडले तर त्या वर्षी एबिटा, म्हणजे व्याज, टॅक्स आणि डेप्रिसिएशन (घसारा) कापायच्या आधीचा नफा, एकदम उसळलेला. मी खूश, मॅनेजमेंट भारी दिसतंय, वहीत तसं लिहून पण ठेवलं. नंतर नोट्समध्ये दिसलं की १ एप्रिल २०१९ पासून लीजचा नवीन नियम लागू झाला, इंड एएस ११६, त्यामुळं दुकानाचं भाडं जे आधी खर्चात दिसायचं ते आता एबिटाच्या खाली डेप्रिसिएशन आणि व्याजात जाऊन बसलं. भाडं तेवढंच, मालक तोच, दुकान तेच, फक्त ओळ बदलली. आणि त्याच वर्षी २० सप्टेंबर २०१९ ला कंपनी टॅक्स कमी झाला, ज्यांनी सवलती सोडल्या त्यांना सरचार्ज-सेस धरून २५.१७ टक्के, म्हणजे नफा पण वाढला आणि त्यातही मॅनेजमेंटचा काही हात नाही. पुस्तकं परदेशातली असली की हे आपलं आपल्यालाच शोधावं लागतं, ते कुठल्याच चॅप्टरमध्ये नसतं.

परदेशी पुस्तकांचा दुसरा खड्डा म्हणजे व्याजदर. उदाहरणांत रिस्क फ्री रेट, म्हणजे बिनधोक पैशावरचं व्याज, ४ टक्के असायचा, मी पण ४ टाकला, त्यावर शेअरच्या रिस्कचे ५ मिळवले आणि ९ टक्क्यांनी रुपयातला नफा डिस्काउंट करत, म्हणजे आजच्या किमतीत आणत बसलो. सगळ्या कंपन्या स्वस्त निघायला लागल्या. दोन महिने मी श्रीमंत होतो. मग लक्षात आलं की तो ४ टक्का डॉलरचा आहे, तिथली महागाई वेगळी, आपल्याकडं रिझर्व्ह बँकेचं महागाईचं टार्गेटच ४ टक्के आहे आणि दहा वर्षांचा सरकारी रोखा तेव्हा ७ च्या आसपास देत होता. कमाई रुपयात मोजायची तर दर पण रुपयाचा पाहिजे. फार साधी गोष्ट आहे आणि मी ती दोन महिने चुकीची केली, सांगायला लाज वाटते पण सांगतो कारण मी नंतर बऱ्याच लोकांच्या शीटमध्ये हीच चूक बघितली.

डिस्काउंटिंगच्या थिअरीचं मला कधीच टेन्शन आलं नाही, त्याचं कारण म्हैस. जॉन बर विल्यम्स नावाच्या माणसानं १९३८ मध्ये ही कल्पना नीट मांडली की शेअरची किंमत म्हणजे पुढं मिळणाऱ्या डिव्हिडंडची आजची किंमत, आणि त्यानं गंमत म्हणून गायीची आणि दुधाची उपमा दिली आहे. आमच्याकडं हे सांगायला अमेरिकेची गरज नाही. आमचे चुलते वडगावच्या बाजारात म्हैस घ्यायला जायचे तेव्हा मी लहानपणी बरोबर असायचो. कितवं वेत, दूध किती, कास बघायची, पेंड-वैरणीला किती जाईल, भाकड किती महिने राहील, अजून किती वेतं मिळतील, आणि शेवटी विकली तर काय येईल. मालक म्हणतो पंधरा लिटर देते, चुलते मनात बारा धरणार आणि एक वेत कमीच धरणार. झालं की डीसीएफ. टर्मिनल व्हॅल्यू म्हणजे शेवटी विकून येणारे, मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणजे आधीच कमी धरायचं, सगळं आलं. मालक काय सांगतो त्यावर विश्वास किती ठेवायचा हे पण आलं, आणि हे शिकवणारा चॅप्टर मला अजून सापडलेला नाही.

तर आता ते १,२००.

कंपनीचा टॅक्स जाऊन पण व्याजाच्या आधीचा नफा ५० कोटी होता. धंद्यात गुंतलेलं भांडवल ३०० कोटी, म्हणजे शंभराला साडेसोळाच्या थोडं वर मिळतात. कर्ज १०६ कोटी, शेअर २ कोटी. मॅनेजमेंट प्रत्येक कॉन्फरन्स कॉलला सांगायचं की २० टक्के ग्रोथ. मी दहा वर्षं २० टक्के धरले, पुढं कायमचे ६ टक्के, डिस्काउंट रेट १२. कॅपेक्स, म्हणजे मशीन-इमारतीवरचा खर्च, डेप्रिसिएशनएवढाच धरला कारण मागच्या दोन वर्षांत तसाच होता, वर्किंग कॅपिटल बदलत नाही असं धरलं कारण ते कसं धरायचं कळत नव्हतं. एंटर मारला, कंपनी २,५०० कोटींची, कर्ज वजा जाऊन शेअरमागं १,२००.

दुसऱ्या दिवशी सीए असलेल्या मित्राला शीट पाठवली. त्यानं फोन केला, म्हणाला भावा फॉर्म्युले सगळे बरोबर आहेत. म्हणजे मी आणखी फुगलो. सुदैवानं तेव्हा हातात पैसे नव्हते, पोराची फी भरली होती, नाहीतर मी गेलोच होतो.

चूक सापडली ती कंपनीत. आमच्या मालकांनी तेव्हा दुसरी फर्नेस घ्यायचं ठरवलं होतं आणि कोटेशन माझ्या टेबलवर आली. आता बाहेरच्या माणसाला वाटतं फर्नेस घेतली की माल वाढला. फर्नेसबरोबर पॅनल, कूलिंग टॉवर, ट्रान्स्फॉर्मर, वीज कंपनीकडं डिमांड वाढवून घ्यायची त्याचं डिपॉझिट, वर क्रेन, मेटल जास्त आलं तर मोल्डिंग लाईन पुरत नाही, मोल्डिंग वाढवली की सँड प्लांट पुरत नाही, मग फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला माणसं. आणि हे सगळं झाल्यावर खरी गंमत, महिन्याला एक कोटीचा माल जास्त गेला आणि गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देणार असेल तर तीन कोटी कायमचे बाहेर बसले, ते परत येत नाहीत, गिऱ्हाईक आहे तोवर ते बसलेलेच. वर स्क्रॅप आणि पिग आयर्नचा स्टॉक वाढवायला लागतो तो वेगळा. मी ही बेरीज करत होतो आणि बेरीज करता करता हात थांबला. माझ्या एक्सेलमधली कंपनी दहा वर्षं दरवर्षी २० टक्के वाढत होती आणि तिनं एक फर्नेस घेतली नव्हती, एक रुपया उधारीत अडकवला नव्हता.

घरी येऊन शीट उघडली. ५० कोटींवर दहा वर्षं २० टक्के म्हणजे दहाव्या वर्षी ३१० कोटी नफा. भांडवल तेच ३०० कोटी. शंभर रुपये टाकून वर्षाला एकशेतीन मिळवणारी फाउंड्री. असली फाउंड्री असती तर अख्ख्या शिरोलीनं दुसरं काही केलं नसतं. मग पुस्तकातलं ते पान परत काढलं जे मी आधी पेन्सिलनं खूण करून पण पुढं गेलो होतो. ग्रोथ म्हणजे नफ्यातला किती भाग परत धंद्यात घालताय गुणिले त्यावर परतावा किती मिळतो. एका ओळीचा फॉर्म्युला. साडेसोळा-सतरा टक्के परतावा असताना २० टक्के वाढायचं तर नफ्याच्या १२० टक्के परत घालावे लागतात, म्हणजे सगळा नफा घालून वर आणखी कर्ज काढायचं किंवा नवीन शेअर काढायचे. घरी नेता येणारा पैसा उणे. मी मात्र प्रत्येक वर्षी सगळा नफा घरी नेत होतो आणि म्हैस पण वाढत होती.

नवीन शीट केली. दहा वर्षं १० टक्के वाढ, त्यासाठी नफ्यातले ६० टक्के परत आत, पुढं ६ टक्के वाढ, त्यासाठी ३६ टक्के आत. कंपनी ६५४ कोटींची निघाली, कर्ज जाऊन शेअरमागं २७४. बाजारात ३००. अकरा-साडेअकराचीच वेळ होती पण या वेळी मी कुणाला उठवलं नाही.

यातनं मला जे खरंच कळलं ते असं. जुन्या शीटमध्ये शेवटची कायमची वाढ ५ धरली तर १,०६७ यायचे, ७ धरली तर १,३८६, म्हणजे एका सेलमध्ये दोन टक्के फिरवले की सव्वातीनशे रुपये इकडंतिकडं, शेअरच्या बाजारभावापेक्षा जास्त. लोक डीसीएफला नावं ठेवतात ती यामुळंच, की पाहिजे ते उत्तर काढता येतं. नवीन शीटमध्ये तेच ५ आणि ७ टाकून बघितलं तर २५७ आणि २९७. फक्त चाळीस रुपयांचा फरक, कारण वाढ जास्त धरली की आत घालायचा पैसा पण आपोआप वाढतो. आणि परतावा १२ टक्केच असेल, म्हणजे भांडवलाच्या खर्चाएवढाच, तर कंपनी कितीही वाढू दे किमतीत काहीच फरक पडत नाही, हे मी स्वतः आकडे टाकून बघितलं तेव्हाच पटलं. टीव्हीवर ग्रोथ ग्रोथ करतात तेव्हा त्या ग्रोथला किती भांडवल लागलं हे कुणीच विचारत नाही, असो.

आता मी बऱ्याचदा उलटं करतो. किंमत काढत नाही, बाजारातला भाव टाकतो आणि विचारतो की हा भाव खरा ठरायला काय व्हायला पाहिजे. त्या कंपनीला ३०० हा भाव बरोबर बसतो दहा वर्षं १२ टक्के वाढ धरली की. मग प्रश्न सोपा होतो, ही कंपनी आधीच्या वर्षांत १२ नं वाढलीय का, आणि पुढं वाढेल का. १,२०० खरे का खोटे यावर भांडण्यापेक्षा हे बरं.

हे सगळं शिकून मी शहाणा झालो असं वाटत असेल तर पुढचं ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये मी एक साखर कंपनी घेतली. पीई ७, म्हणजे शेअरचा भाव शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या सातपट. स्वस्त वाटली. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, मी स्वतः खाली रेघ मारलीय, की चढउताराच्या सायकलवाल्या धंद्याचा नफा शिखरावर असतो तेव्हा पीई कमी दिसतो आणि तेव्हाच तो घ्यायचा नसतो, दहा वर्षांचा सरासरी नफा धरायचा. आमच्या घरात तीन पिढ्या ऊस आहे. पाऊस, लागण, एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर), साखरेचा भाव हे जेवताना बोलायचे विषय. आणि मी शेवटच्या वर्षाचा नफा धरून पीई काढला. ७ डिसेंबर २०२३ ला सरकारनं त्या हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, त्या वर्षी पाऊस कमी होता, साखर कमी पडेल म्हणून. शेअर आपटला. दाजी म्हणाले पाऊस कमी झालाय हे तुला पुस्तकात बघायला लागलं काय रे, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. २२ टक्के तोट्यात बाहेर पडलो. यात सरकारची वगैरे काही चूक नाही, पाऊस मी डोळ्यांनी बघितला होता, शीटमध्ये टाकला नव्हता.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र बचावलो. सत्यम या आयटी कंपनीच्या चेअरमननं घोटाळा कबूल केला त्या २००९ च्या पत्राबद्दल सगळ्यांनी ऐकलंय, ७ जानेवारीचं, पण ते पत्र मी नीट वाचलं नव्हतं. ताळेबंदात कॅश आणि बँक ५,३६१ कोटी दाखवलेले, त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच, आणि वर त्यावर जमा झालेलं ३७६ कोटी व्याज दाखवलेलं, ते पण नव्हतं. ते वाचल्यापासून एक सवय लागली, कंपनीकडं कॅश जास्त दिसली की तिच्यावर व्याज किती मिळालं ते बघायचं. एका कंपनीकडं दोन वर्षं २०० कोटी कॅश दिसत होती आणि व्याजाचं उत्पन्न ४ कोटी. दोन टक्के. दाजींची पतसंस्था सोडा, साध्या एफडीला तेव्हा सहाच्या वर मिळत होते. कदाचित पैसे फक्त ३१ मार्चला येत असतील, कदाचित करंट अकाउंटला पडून असतील, फ्रॉडच असेल असं मी म्हणत नाही. पण उत्तर नोट्समध्ये नव्हतं, मी सोडून दिलं.

वेळेचं बरेच जण विचारतात. पहाटे पाच ते साडेसहा, आठवड्यातनं पाच दिवस, मग फर्स्ट शिफ्टची गाडी. अडीच वर्षं लागली आणि पुस्तकं अजून पूर्ण झालेली नाहीत. ऑप्शनचे चॅप्टर मी सोडून दिले, परत कधी जाईन असं वाटत नाही. परत सुरुवात करायची झाली तर आधी सहा महिने नुसतं अकाउंटिंग, आणि एकाच धंद्यातल्या चार कंपन्यांचे दहा-दहा वर्षांचे अहवाल, आणि तो धंदा असा की ज्यात आपण स्वतः काम करतो. ग्रॅहॅम सगळ्यात शेवटी. पुस्तक वाचून सोडवलेलं उदाहरण आणि स्वतः टाकलेले आकडे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, उदाहरणात सगळं दिलेलं असतं, खऱ्या अहवालात कंपनीनं कॅपेक्स तीन वेगवेगळ्या ठिकाणी पसरून ठेवलेला असतो आणि डायल्यूटेड शेअर शोधायला अर्धा तास जातो.

सध्या बँकांच्या चॅप्टरवर अडकलोय. बँकेला फ्री कॅश फ्लो काढताच येत नाही कारण कर्ज हा तिचा कच्चा माल आहे, जसं आम्हाला स्क्रॅप, त्यामुळं तिथं सगळंच वेगळं, बुक व्हॅल्यू आणि इक्विटीवरचा परतावा यावर चालतं. दाजींना वाटलं होतं हे मला लगेच कळेल. नाही कळलं. प्रोव्हिजनिंगवर, म्हणजे बुडू शकणाऱ्या कर्जासाठी बाजूला काढायच्या रकमेवर, तीन रविवार गेलेत.

आणि ती पार्टवाली कंपनी अजून लिस्टमध्ये आहे, घेतलेली नाही. मध्यंतरी त्यांनी जाहीर केलं की ९० कोटींची नवीन मोल्डिंग लाईन टाकतोय, अठरा महिन्यांत प्रॉडक्शन सुरू. कॉलवर ॲनालिस्ट लोकांनी अभिनंदन केलं. मी असल्या लाईनचे कोटेशन हाताळलेत, मशीन वेळेवर येतं, पण फाउंडेशन, वीज जोडणी आणि पहिले सहा महिने रिजेक्शन यात किती जातं ते मला माहितेय. शीटमध्ये २७ महिने टाकलेत. आणि ९० च्या जागी ११५ कोटी.